ठकी दिवाणाखालून बाहेर का येत नाही?

पत्र थोडक्यात असं : कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरी नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. संध्याकाळी हॉलमध्ये त्या शिकवणी घेतात, दहा-बारा मुलं असतात. त्यांच्या शिवाजी पेठेतल्या मावशी आषाढात वारल्या. मावशींना मूलबाळ नव्हतं, सहा वर्षांची एक मांजरी होती. तिला आपण ठकी म्हणू. दवाखान्यात मावशींनी यांचा हात धरून ‘ठकीला बघ’ एवढंच सांगितलं. ठकीला घरी आणून सतरा दिवस झाले. पहिल्या रात्री ती दाराशी बसून ओरडत होती, तेव्हापासून हॉलमधल्या दिवाणाखाली आहे. सगळे झोपले की खाते. दोनदा गादीवर शू केली. पाचव्या दिवशी मुलाने तिला ओढून बाहेर काढायला हात घातला, तेव्हा तिने ओरखडलं. सासूबाई म्हणतात, ‘जीव लागंना तिचा हितं, उगं कशाला कोंडून घालताय?’ नवऱ्याचं म्हणणं, कुत्रं माणसाला लागतं आणि मांजर घराला, तर हिला परत पेठेत सोडू, शेजारच्या काकू दूध घालतील. ताई विचारतात, ‘एवढं प्रेम देऊनही ती आम्हाला आपलं मानत नाही. तिला परत सोडलं तर मावशीला दिलेला शब्द मोडल्यासारखं होईल का?’

नमस्कार ताई,

आधी मुलाच्या हाताचं बोलू, बाकी सगळं नंतर. ‘थोडं रक्त आलं, हळद लावली,’ असं तुम्ही लिहिलंय. ठकीला रेबीजची लस दिली होती का, हे तुम्हाला माहीत नाही. अशा वेळी हळदीवर थांबायचं नसतं. नख लागून रक्त आलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आता बारा दिवस झाले असले तरी त्याला आजच घेऊन जा. सरकारी दवाखान्यात ही लस मिळते, आपल्याकडे सीपीआर रुग्णालय आहेच. ओरखडल्यानंतर दहा दिवस उलटूनही ठकी खातेपिते आहे, ही धीर देणारी गोष्ट आहे. पण पुढे काय करायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आता ठकी.

तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं. त्यात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात : ‘मावशीची वाकळ सोबत आणली होती, पण तिला फार वास येत होता म्हणून आल्या दिवशीच गरम पाण्यात जंतुनाशक घालून धुतली.’ त्या वाक्यापाशी मी थांबले.

आपण घर डोळ्यांनी ओळखतो. मांजर नाकाने ओळखतं. मांजर दाराच्या चौकटीला, खाटेच्या पायाला, आपल्या पोटरीला गाल घासतं, ते निव्वळ लाडाने नाही. त्याच्या गालांत, हनुवटीत आणि कपाळाच्या बाजूला गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात. गाल घासून ते ‘ही जागा माझी, इथे भीती नाही’ अशी खूण करून ठेवतं. मावशींच्या घरात ठकीने सहा वर्षं अशा खुणा केल्या होत्या, उंबऱ्यावर, तांदळाच्या डब्यावर, परड्याच्या दारावर आणि मावशींच्या पदरावर. तुमच्या घरात त्यातली एकही नाही. ती वाकळ तेवढी होती. तुम्ही ती तिच्या भल्यासाठीच धुतलीत, स्वच्छ अंथरुणात तिला बरं वाटेल म्हणून. माणसाच्या पाहुण्यासाठी आपण हेच केलं असतं. तिच्यासाठी मात्र ओळखीची शेवटची वस्तू त्या दिवशी गेली.

हे तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. हे दुरुस्त होण्यासारखं आहे म्हणून सांगते, कारण तुम्हीच पुढे लिहिलंय की मावशींच्या घराला अजून कुलूप आहे आणि सामान तसंच्या तसं आहे.

‘एवढं प्रेम देऊनही’ या शब्दांकडेही जरा बघू. तुम्ही काय काय केलंत ते पत्रात आहे. दिवसातून वीसेकदा वाकून हाक मारता. मोबाईलची बॅटरी लावून ती ठीक आहे ना ते बघता. मुलगा फरशीवर पालथा पडून तिच्याशी बोलतो. ‘मावशींची मांजरी आली’ म्हणून नातेवाईक बघायला येतात आणि तेही वाकतात. हे सगळं मायेपोटीच आहे. पण दिवाणाखालून ते कसं दिसत असेल? बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर एक मोठं तोंड येतं, रोखून बघतं, डोळ्यांत उजेड मारतं, आणि एकदा तर त्याच वाटेने हात आत येऊन तिला ओढायला लागतो. मांजरांच्या जगात रोखून बघणं ही धमकी असते. ठकीने तेव्हा ओरखडलं आणि एरवी ती गप्प बसून राहिली, यात मला तिचा शहाणपणाच दिसतो. सध्या तिच्याकडे कुणी न बघणं, हेच तिला हवं असलेलं प्रेम आहे.

आणि एक विचारते, रागावू नका. पत्रात तुम्ही लिहिलंय की तुम्ही शिकवणीच्या वह्या तपासताना मावशी तुमच्या शेजारी बसायच्या आणि ठकी त्यांच्या मांडीवर असायची. आता ती तुमच्या मांडीवर यावी असं तुम्हाला फार वाटतं. वाटणारच. मावशींचं जिवंत असं तेवढंच उरलंय. पण मावशी तुमच्या गेल्या तशा तिच्याही गेल्यात, आणि तिला ते कुणी सांगितलेलं नाही. एके दिवशी माणूस उठून दवाखान्यात गेलं ते परत आलंच नाही, मग तिला पिशवीत घालून भलत्याच घरात आणलं. तुमचं दुःख हलकं करायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. रडायचं असेल तेव्हा रडा, पण तिला त्यासाठी बाहेर बोलावू नका. हे लिहिताना मला कठोर झाल्यासारखं वाटतंय, तरी लिहिते, कारण तुमचा सगळा उतावीळपणा मला इथूनच आलेला दिसतो.

तुमच्या यजमानांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मांजर जागेला फार धरून असतं हे खरंच आहे. पोत्यात घालून लांब सोडलेलं मांजर चार दिवसांनी दारात हजर, अशा गोष्टी आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतात. पण म्हणीतला दुसरा अर्धा भाग, म्हणजे मांजर माणसाला लागत नाही, तो मला पटत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या पिल्लांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिल्लू आणि त्याला सांभाळणारं माणूस यांना अनोळखी खोलीत एकत्र ठेवायचं, माणसाने दोन मिनिटं बाहेर जायचं आणि परत यायचं. माणूस परत आल्यावर साधारण ६४ टक्के पिल्लं निवांत झाली, त्याला भेटून पुन्हा खोलीत हिंडायला लागली. माणसाच्या लहान मुलांमध्येही जवळपास असंच प्रमाण दिसतं. मांजर माणसाला लागतं ताई. ते त्याच्या चालीने लागतं एवढंच.

मग परत सोडायचं का? ‘सोडणं’ आणि ‘देणं’ यांत फरक करा. कुलूप लावलेल्या घराच्या परड्यात तिला ठेवून यायचं आणि कुणीतरी दूध घालेल म्हणायचं, हे सोडणं झालं. मावशी नसलेलं ते घर म्हणजे तिचं घर नव्हे. उद्या ते भाड्याने जाईल, विकलं जाईल, येणाऱ्या माणसांना मांजर चालेलच असं नाही. पाळलेल्या जनावराला उपाशीतापाशी राहायची वेळ येईल अशा तऱ्हेने सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. पण शेजारच्या काकूंनी तिला खरोखर आपल्या घरात घेतलं, रात्री आत घेतलं, आजारी पडली तर दवाखान्यात नेलं, तर ते देणं आहे, आणि त्यात शब्द मोडण्यासारखं काही नाही. ‘ठकीला बघ’ याचा अर्थ ‘ठकीला तुझ्याच घरात ठेव’ असाच होतो असं नाही. तेव्हा काकूंशी मोकळेपणी बोला. फक्त निर्णय आज घेऊ नका. सतरा दिवस फार थोडे आहेत, आणि त्यातलेही बरेचसे तिला घाबरण्यात घालवावे लागले. अनुभवी माणसं एक ढोबळ हिशोब सांगतात : तीन दिवस भेदरण्यात जातात, तीन आठवडे घराचा दिनक्रम समजण्यात, आणि तीन महिने आपलं वाटण्यात. प्रौढ मांजराला याहून जास्तही लागतात. माझ्याकडे आलेला एक बोका पहिले एकोणीस दिवस माळ्यावर होता. विसाव्या दिवशी मी भाकरी थापताना तो येऊन पिठाच्या डब्यामागे बसला, आणि मी त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

माझं मत विचाराल तर सगळं पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करा.

हॉल ही तुमच्या घरातली सगळ्यात वर्दळीची जागा. बेल, टीव्ही, बारा मुलांच्या चपला. मागच्या बाजूला शिलाई मशिनची छोटी खोली आहे असं तुम्ही लिहिलंय, ती तिला द्या. नव्या घरात मांजराला एकदम अख्खं घर मोकळं देणं ही चुकीची उदारता आहे. एवढा मोठा अनोळखी मुलूख तिला राखता येत नाही, म्हणून ती त्यातली सगळ्यात अंधारी फूट-दीड फूट जागा धरते. एक खोली मात्र ती आठवड्याभरात नाकाखालून घालू शकते. तिथे नेताना ओढाताण करू नका. रात्रीची ताटली रोज थोडी त्या खोलीकडे सरकवा. तिसऱ्या-चौथ्या रात्री ती आत जाऊन खाईल, तेव्हा हळूच दार लावा. त्याआधी खोलीत दोन पुठ्ठ्याची खोकी आडवी करून ठेवा, एक जमिनीवर आणि एक मशिनवर, उंचावर. लपायला जागा दिली तर ती कायम लपूनच बसेल अशी सासूबाईंना भीती वाटेल, पण होतं उलटंच. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकंवाली लवकर सावरली.

शूचं. तुम्ही न्हाणीघरात कपडे धुवायच्या मशिनशेजारी परातीत वाळू ठेवली आहे. ठकी सहा वर्षं परड्यातल्या मातीत जात होती. तिला वाळू म्हणजे काय ते कळत नसेल, आणि मशिन गरगरायला लागल्यावर तिथे जायची तिची छातीही होत नसेल. परात मोठी घ्या, खोलीच्या एका कोपऱ्यात ठेवा, खाण्यापाण्यापासून लांब, आणि आत माती घाला. रोज साफ करा. गादीवर शू झाली तर ओरडू नका आणि फिनेल तर अजिबात वापरू नका. मांजराचं यकृत फिनेलसारखी द्रव्यं नीट पचवून बाहेर टाकू शकत नाही. फरशीवरून ती पंजाला लागतात, पंजे चाटून पोटात जातात. प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वास मुळापासून घालवतं. आणि एक शंका मनात ठेवा, भीतीने आणि ताणाने मांजरांना मूत्राशयाची जळजळ होते. ती सारखी परातीत जाऊन बसत असेल, कण्हत असेल, लालसर डाग दिसत असेल, तर ते वागणं नसून दुखणं आहे. ज्यांच्या घरी बोका आहे त्यांनी तर अशा वेळी रात्र काढू नये. बोक्याचा मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

खाण्याच्या बाबतीत आपण कोल्हापूरकर दुधापलीकडे विचारच करत नाही. कट्ट्यावर म्हशीची धार काढून ग्लास पुढे करणारं आपलं गाव, पाहुण्या मांजराला वाटीभर दूध ठेवणारच. पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. मावशी दूध-भाकरी कुस्करून वर सुकट घालायच्या हे तुम्हाला आठवतंय. तर सध्या तेच चालू ठेवा, दूध पातळ करून थोडं. सगळंच एकदम बदललं की मांजर खाणं सोडतं, आणि मांजराने पूर्ण दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतावर परिणाम होतो, तेव्हा वाट न बघता डॉक्टरांकडे जावं लागतं. ती खोलीत रुळली की आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल करा. मांजराला टॉरिन नावाचं एक द्रव्य मांसातूनच मिळावं लागतं, नुसत्या दूध-भाकरीवर पुढे डोळे आणि हृदय दुबळं होतं. मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन, थोडी कलेजी, किंवा मांजराचं तयार खाद्य चालेल. रविवारच्या रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नका. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर एक कणभरही नको, ती मांजराला विष आहे. कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडाचं औषधही तसंच, त्यातल्या पर्मेथ्रिनने मांजरं दगावतात.

दिनक्रम घट्ट ठेवा. मावशी किती वाजता खायला घालत, कशी हाक मारत, ते काकूंना विचारा. रोज त्याच दोन वेळी तुम्ही एकट्या खोलीत जा, ताटली ठेवा आणि तिथेच भिंतीला टेकून पंधरा-वीस मिनिटं बसा. वह्या घेऊन बसा. तपासताना पुटपुटता ना, तसं पुटपुटा. तिच्याकडे बघू नका. चुकून नजरानजर झालीच तर डोळे हळू मिटा आणि हळू उघडा. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे करून पाहिलं, तर मांजरंही उलट डोळे मिटतात आणि तसं करणाऱ्या अनोळखी माणसाजवळ यायला जास्त तयार असतात. ती जवळ आली की एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरा, पुढे नेऊ नका. तिने हुंगून गाल घासला तर गालाला हात लावा. तिने तोंड फिरवलं तर त्या दिवसाचं तेवढंच.

मुलाला दूर ठेवू नका, त्याला काम द्या. अकरा वर्षांच्या पोराला ‘हात लावू नकोस’ हे झेपत नाही, पण ‘रोज पाणी बदलायचं आणि ती कुठे बसली होती ते वहीत लिहायचं’ हे झेपतं. खोक्यात, खोक्याबाहेर, खिडकीत. ओरखड्याची भीती त्याच्याही मनात बसली असेल. ठकीने दुष्टपणाने ओरखडलं नव्हतं हे त्याला तुम्ही नीट समजावून सांगा.

महिनाभर तरी तिला घराबाहेर जाऊ देऊ नका. दूधवाला, शिकवणीची मुलं, कामाच्या मावशी, दार सतत उघडं असतं, म्हणून खोलीचं दार शिकवणीच्या वेळी बंदच हवं. आत्ता सुटली तर ती शिवाजी पेठेकडे निघेल, आणि मध्ये सगळी शहराची रहदारी आहे. गॅलरीला जाळी मारून घ्या. गणपतीला अजून महिना आहे. राजारामपुरीत आगमनाच्या मिरवणुकीचाच डॉल्बी काचा हलवतो. त्या दिवशी खोलीची खिडकी लावून घ्या, खोक्यावर जाड चादर टाका, पंखा चालू ठेवा आणि घरी आलेल्या पाहुण्यांना ‘मांजरी कुठाय’ म्हटलं तरी दार उघडू देऊ नका. पेठांच्या फुटबॉलचे फटाके ऐकत ती वाढली असेल, त्यामुळे आवाज तिला अगदीच नवा नाही. पण तेव्हा ती स्वतःच्या घरात होती.

शनिवारी शिकवणीला सुट्टी असते ना, त्या दिवशी किल्ली घेऊन मावशींच्या घरी जा. मुलालाही न्या. मावशींची अंगावरची, न धुतलेली एखादी साडी असेल तर घ्या, ठकीची ताटली घ्या, ज्या पोत्यावर ती नखं घासायची ते पोतं घ्या. कपाटात तिच्या लसीचं कार्ड आहे का बघा. सापडलं नाही तर ती खोलीत रुळल्यावर लस आणि जंताचं औषध नव्याने करून घ्यावं लागेल. येताना परड्यातली बादलीभर माती भरून आणा. पावसाने भिजलेली असेल, वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस वाळू द्या, मग परातीत घाला. साडी धुऊ नका. घडी न घालता आडव्या खोक्यात टाका आणि दार ओढून घ्या.